काफुए मैदान, पाण्याची कड आणि लेचवे: प्रकल्प नोंदी

कामाचा आवाका: झांबियातील काफुए नदीच्या पूरमैदानावर पाणी कोणत्या महिन्यात कुठवर पसरते याचा नकाशा करायचा. त्यावर काफुए लेचवे या पाणथळीतल्या कुरंगाचा चराईपट्टा आणि मिमोसा या बाहेरून आलेल्या झुडुपाची काटेरी झाडी बसवायची. काम उपग्रह प्रतिमांवरचे आहे. जोडीला जुन्या हवाई मोजण्या आणि पाणीपातळीच्या नोंदी.

११ जानेवारी २०२५ – हद्द

मैदान पश्चिमेला इटेझी-टेझी धरणापासून सुरू होते आणि पूर्वेला काफुए घळईच्या तोंडाशी संपते. लांबी अडीचशे किलोमीटरच्या आसपास, रुंदी काही ठिकाणी साठ, क्षेत्र सुमारे ६,५०० चौरस किलोमीटर. दक्षिण काठावर लोचिन्व्हार राष्ट्रीय उद्यान, उत्तर काठावर ब्लू लगून. दोन्ही मिळूनही मैदानाचा छोटा भागच व्यापतात. बाकीचा बराचसा भाग 'गेम मॅनेजमेंट एरिया'त मोडतो. तिथे माणसे राहतात, गुरे चरतात, मासेमारी चालते. १९९१ पासून मैदानाला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) आहे.

नकाशाची हद्द उद्यानांच्या रेषेवर कापू नये. उद्यानाची रेषा कागदावर जागची हलत नाही, पाणी हलते आणि जनावर पाण्यामागे जाते. जुन्या पुरांची कमाल मर्यादा घ्यावी आणि बाहेर पाच किलोमीटरची पट्टी जोडावी, म्हणजे झाडीची कड आणि वारुळांचा पट्टाही आत येतो.

प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत, यूटीएम ३५ दक्षिण. घाईत ३५ उत्तर निवडले जाते, मग उत्तर-दक्षिण अंक ऋण येतात आणि आधीच्या थरांशी जुळत नाहीत. पहिला थर उघडताच हे तपासावे.

१९ जानेवारी – जनावर

लेचवे चरतो उथळ पाण्यात, बसतो आणि रवंथ करतो कोरड्यावर. हे एक वाक्य नकाशाच्या प्रत्येक निर्णयात उपयोगी पडणार आहे.

खूर लांब आणि पसरट असतात, त्यामुळे चिखलात पाय रुततो कमी. खुरामागचा भाग बिनकेसांचा. मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब, म्हणून पुठ्ठा खांद्यापेक्षा उंच दिसतो. कोरड्या कठीण जमिनीवर तो अवघडल्यासारखा पळतो. गुडघाभर पाण्यात मात्र लांब उड्या घेत पाठलाग करणाऱ्याला मागे टाकतो. नर शंभर किलोच्या आसपास, मादी त्याहून हलकी. शिंगे फक्त नराला, मागे झुकून पुन्हा वर वळलेली.

चारा: व्होसिया आणि एकिनोक्लोआ ही पाणगवते, रानभात आणि पाणी ओसरताना फुटणारे कोवळे गवत. साधारण अर्धा मीटर खोलीपर्यंत तो सहज चरतो. त्याहून खोल पाण्यात पोहून जाईल, पण तिथे रोजचे पोट भरत नाही.

लेचवेच्या आज तीन उपजाती उरल्या आहेत. तांबडा लेचवे ओकावांगो, चोबे, अंगोला आणि पश्चिम झांबियात. काळा बांगवेउलूच्या दलदलीत. खांद्यावर काळा पट्टा असलेला काफुए लेचवे मात्र जगात फक्त याच मैदानावर. ईशान्य झांबियातला रॉबर्ट्स लेचवे नामशेष झाला. काफुए उपजातीला जायला दुसरी जागा नाही. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ती 'असुरक्षित' गटात आहे.

मिलनाचा जोर डिसेंबर-जानेवारीत असतो. नर एका ठरावीक माळावर जमतात, जेमतेम अर्धा किलोमीटर व्यासाच्या आखाड्यात पन्नास ते शंभर. प्रत्येक जण आपला लहानसा तुकडा राखतो. माद्या मधल्या नरांकडे जास्त जातात, म्हणून मधल्या तुकड्यांसाठी झुंजी. गर्भकाळ साडेसात महिन्यांच्या आसपास, एका वेळी एकच पाडस, म्हणजे विणीचा जोर जुलै ते सप्टेंबर. पाडस पहिले काही आठवडे कोरड्या, उंच गवतात दडून बसते आणि आई दूध पाजायला परत येते. या काळात पाणी अवचित वाढले तर दडायची जागाच बुडते.

२ फेब्रुवारी – पाणी आणि धरणे

मैदानाचा लांबीतला उतार किलोमीटरला पाच सेंटीमीटर किंवा त्याहूनही कमी. वरून सोडलेले पाणी खालच्या टोकाला पोहोचायला साधारण दोन महिने लागतात. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. धरणांपूर्वी पुराचा माथा पावसाच्या अखेरीस किंवा त्यानंतर यायचा, मे-जूनपासून पाणी हळूहळू मागे सरकायचे आणि ऑक्टोबरपर्यंत नदी पात्रात यायची.

हे मागे सरकणेच चारा तयार करते. उजनीच्या जलाशयाचे पाणी उतरल्यावर गाळपेराच्या जमिनीवर जसे पीक धरते, तसेच इथे ओल्या गाळावर आपोआप गवत धरते. पाण्याची कड रोज थोडी मागे सरकली की रोज नवी हिरवळ मिळते. लेचवे त्या कडेमागे महिनोन् महिने चालतो. इला आणि टोंगा समाजाच्या गुरांची हंगामी चराईही याच हिशेबावर उभी आहे.

काफुए घळईचे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. त्याला वर्षभर पाणी पुरवण्यासाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वर इटेझी-टेझी आले, साठा सुमारे सहा अब्ज घनमीटर. मैदान त्या दोघांच्या मध्ये सापडले. वरचे धरण पुराचा माथा कापते आणि कोरड्या महिन्यांत टर्बाइनसाठी पाणी सोडते. खालच्या धरणाचा फुगवटा पूर्वेकडच्या भागात कायम पाणी ठेवते. पश्चिमेला पूर कमी, पूर्वेला कोरडेपणा कमी, आणि दोन्हीकडे कडेची हालचाल मंदावलेली.

इटेझी-टेझीच्या आराखड्यात मार्च महिन्यात चार आठवडे सेकंदाला ३०० घनमीटर पाणी सोडण्याची तरतूद होती, त्यासाठी जादा साठाही धरला होता. हेतू चांगला होता. पण नैसर्गिक पूर एका महिन्याच्या ठोकळ्यात येत नाही. पाऊस जास्त झाला की तो जास्त, कमी झाला की कमी, आणि चढ-उतार दोन्ही सावकाश. २००४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ, वीजमंडळ झेस्को आणि झांबिया सरकार यांनी पावसाच्या चालीशी जुळणारे विसर्गाचे नवे नियम ठरवले. विजेची तूट असलेल्या वर्षी ते पाळणे अवघड जाते. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी झांबियाने दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती. त्या हंगामाच्या प्रतिमा 'कोरडे वर्ष' म्हणून वेगळ्या काढल्या आहेत.

१६ फेब्रुवारी – रडार प्रतिमा

जानेवारी ते मार्च ढग असतात, त्यामुळे साध्या प्रकाशातल्या प्रतिमा नेमक्या हव्या तेव्हा मिळत नाहीत. मुख्य आधार सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहांच्या सी-बँड (आखूड लहरीच्या) रडारचा. १०-मीटर पिक्सेल, व्हीव्ही (लहर उभी पाठवून उभीच टिपलेली) आणि व्हीएच (उभी पाठवून आडवी टिपलेली) ही दोन ध्रुवणे. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांपैकी १-बी हा उपग्रह बंद पडला, त्यामुळे २०२४ च्या हंगामात एकाच कक्षेची फेरी बारा दिवसांनी मिळते.

क्रम असा ठेवला आहे: कक्षेची अचूक फाइल लावणे, उष्णताजन्य गोंगाट काढणे, किनारीचा गोंगाट काढणे, विकिरणमितीय मापांकन (उजळपणाचे मोजमाप प्रमाणित करणे), ठिपके कमी करणारी गाळणी, भूरूप दुरुस्ती आणि शेवटी डेसिबल. गाळणी डेसिबल करण्याच्या आधी चालवायची. नंतर चालवली तर सरासरी लॉगॅरिथमची निघते आणि मूल्ये खाली सरकतात. गूगल अर्थ इंजिनवरच्या संचात गाळणी वगळता बाकीच्या पायऱ्या झालेल्या असतात.

तुलना नेहमी एकाच सापेक्ष कक्षेच्या आणि एकाच दिशेच्या प्रतिमांची. लहर जमिनीवर पडते तो आपतन कोन पट्ट्याच्या एका कडेला २९ अंश, दुसऱ्या कडेला ४६. कक्षा मिसळल्या की पाणी तेच असून उजळपणा बदलतो आणि पूर नसलेल्या जागी पूर दिसू लागतो.

उघडे पाणी व्हीव्हीत काळे दिसते. प्रतिमेच्या प्रत्येक चौकटीचा उंबरठा ओट्सूच्या रीतीने, म्हणजे उजळपणाच्या आलेखातले पाणी आणि जमीन यांचे दोन उंचवटे वेगळे करून, काढायचा. तो बहुधा उणे १५ ते उणे १८ डेसिबलमध्ये पडतो. चौकटीत दहा टक्के तरी पाणी असले पाहिजे, नाहीतर आलेखाला दोन उंचवटे येत नाहीत आणि उंबरठा कुठेही बसतो.

खरी अडचण गवतातल्या पाण्याची. लेचवे चरतो तेच हे पाणी आणि जगभरच्या तयार जलनकाशांत नेमके हेच निसटते, कारण ते नकाशे उघड्या पाण्यासाठी बनवलेले आहेत. पाण्यातून वर आलेल्या ताठ काड्यांवरून रडारलहर दोनदा परावर्तित होते आणि ती जागा काळी दिसण्याऐवजी उजळते. म्हणून कोरड्या हंगामाची मध्यक प्रतिमा पाया धरून व्हीव्ही तीन डेसिबलपेक्षा जास्त वाढला की 'पाण्यातले गवत' हा वर्ग द्यायचा. जाड व्होसियाच्या खाली मात्र सी-बँड लहर पोहोचत नाही. तिथे एल-बँडच्या, म्हणजे लांब लहरीच्या, पालसार या जपानी रडारच्या प्रतिमा वापराव्यात. फेऱ्या कमी असल्या तरी ती लहर गवताच्या आत जास्त खोल जाते.

फसवणाऱ्या गोष्टी तीन. वाऱ्याने उठलेल्या लहरींमुळे चुंगा लगूनसारखे उघडे पाणी उजळते आणि जमीन समजले जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरात जळून सपाट झालेला माळ पाण्यासारखा काळा दिसतो. पहिल्या पावसानंतरची भिजलेली जमीन तीन डेसिबलची अट पार करू शकते. पहिल्यावर उपाय लागोपाठच्या तीन फेऱ्यांचा मध्यक, दुसऱ्यावर साध्या प्रकाशातल्या प्रतिमा घेणाऱ्या सेंटिनेल-२ वरून काढलेला जळीत थर, तिसऱ्यावर अट अशी की आधीच्या किंवा नंतरच्या फेरीत शेजारी पाणी असल्याशिवाय नवे पाणी मानायचे नाही.

९ मार्च – खोली

पाणी कुठे आहे एवढ्याने भागत नाही, अर्ध्या मीटरच्या आत कुठे आहे ते हवे. एसआरटीएम या अवकाशयानातल्या रडारने केलेल्या उंचीच्या नकाशातली चूक मीटरात असते. किलोमीटरला पाच सेंटीमीटर उतरणाऱ्या मैदानावर ती वापरून खोली काढली तर नकाशा ठिगळांचा होतो. हा मार्ग सोडावाच.

त्याऐवजी पाण्याची कडच समपातळी रेषा मानायची. प्रत्येक तारखेची कड ओढायची, त्या दिवशीची पातळी तिला द्यायची आणि अशा रेषांमधून पृष्ठभाग ताणायचा. दोन नियम पाळावे लागतात. एक, सगळ्या मैदानाला एकच पातळी देता येत नाही. नामवाला, लोचिन्व्हारजवळचे न्यिम्बा आणि खालचे कसाका या पातळी-मापकांच्या मधली पातळी अंतरानुसार काढावी. दोन, फक्त उतरत्या पाण्याच्या कडा घ्याव्यात. चढत्या काळात ओढ्यांचे आणि जागच्या पावसाचे पाणीही साचते, ते नदीच्या पातळीशी जोडलेले नसते.

हिशेब समजायला सोपा आहे. नदीकडचा आडवा उतार ५,००० ला १ धरला तर अर्धा मीटर खोलीची रेषा कडेपासून अडीच किलोमीटर आत पडते. पातळी दहा सेंटीमीटर चढली की कड पाचशे मीटर सरकते. धरणावरच्या माणसाला किरकोळ वाटणारा बदल इथे पाडसांची सगळी जागा व्यापतो. धोका म्हणून 'किती पाणी सोडले' यापेक्षा 'किती दिवसांत सोडले' हा रकाना आम्ही जास्त महत्त्वाचा मानतो.

२३ मार्च – जुन्या मोजण्या

१९३१ च्या अंदाजात या मैदानावर अडीच लाख लेचवे होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ९४ हजार, २००५ मध्ये ३८ हजारांच्या आसपास, २०१५ मध्ये सुमारे २८ हजार. उतार खरा आहे यात शंका नाही, पण हे चार आकडे एका रेषेत जोडून वार्षिक घट काढू नये. १९३१ चा आकडा पद्धतशीर हवाई मोजणीचा नाही.

हवाई मोजणीची सर्वसाधारण रीत अशी: विमान जमिनीपासून शंभर मीटरच्या आत-बाहेर, समांतर रेषांवर. पंखाच्या टेकूवर दोन दांड्या बांधतात, त्यांच्यामधून दिसणारी पट्टी दोन्ही बाजूंना दीडशे मीटरच्या आसपास येते. धावपट्टीवर मोजून खुणा मांडून त्यांच्यावरून अनेकदा उडून पट्टीची खरी रुंदी काढायची. उंची दहा टक्के वाढली की पट्टीही दहा टक्के रुंदावते आणि तेवढाच आकडा फुगतो. म्हणून उंचीमापकाची नोंद मोजणीइतकीच जपावी. दहापेक्षा मोठ्या कळपाचे छायाचित्र घेऊन संख्या नंतर मोजावी. नुसत्या डोळ्याने मोठा कळप कमीच मोजला जातो.

लेचवेच्या बाबतीत आणखी एक अडचण: तो विखुरलेला नसतो. हजारो जनावरे दोन-चार रेषांवर आणि उरलेल्या रेषा रिकाम्या. त्यामुळे अंदाजाची चूक-मर्यादा मोठी राहते. उपाय म्हणजे कडेच्या पट्ट्यात रेषा दाट आणि आतल्या खोल पाण्यावर विरळ. पाण्याचा नकाशा मोजणीच्या आधी हाताशी असेल तरच हे जमते. म्हणून ऑगस्टच्या प्रतिमांचा थर सर्वांत आधी पुरा करायचा ठरले.

घटीची इतर कारणे तक्त्यात वेगळ्या रकान्यांत ठेवली आहेत: मांसासाठी शिकार, कुत्रे आणि तारेचे फास, मासेमारीच्या तळांची वाढ, गुरांशी चाऱ्याची स्पर्धा आणि गोजातीय क्षयरोग. हा रोग या कळपांत जुना आहे. कोरड्यात गुरे आणि लेचवे एकाच पाणवठ्यावर दाटले की संसर्गाची संधी वाढते. पूर्वी 'चिला' नावाच्या सामूहिक शिकारीत भाले आणि कुत्रे घेऊन एका वेळी हजारोंनी लेचवे मारले जात. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ती प्रथा थांबवली गेली.

१३ एप्रिल – मिमोसा ओळखणे

मिमोसा पिग्रा हा आपल्या लाजाळूचा काटेरी, झुडुपाएवढा भाऊबंद. पाने तशीच मिटतात. मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतला. लोचिन्व्हारमध्ये चुंगा लगूनच्या बाजूला ऐंशीच्या दशकात दोन-एक हेक्टर होता, तो पुढच्या दोन-अडीच दशकांत तीन हजार हेक्टरांच्या घरात गेला. उंची तीन ते सहा मीटर. त्याच्या सावलीत गवत मरते, लेचवे आत शिरत नाही, क्रौंचांनाही उतरायला जागा उरत नाही.

तो इतका का फोफावला याचे उत्तर पुन्हा पाण्याच्या वेळेत आहे. बी रुजते ते नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर. पुढच्या पुराने रोप पूर्ण बुडले तर ते गुदमरते. पूर उथळ किंवा उशिरा आला तर शेंडा पाण्यावर राहतो, आणि एकदा झुडूप उभे राहिले की ते खोडाला नवी मुळे फोडून महिनोन् महिने पाण्यात तग धरते.

ओळखायची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर, जेव्हा माळ पिवळा किंवा जळालेला असतो आणि मिमोसा हिरवा. फक्त हिरवळीचा निर्देशांक लावला तर पपायरस, रामबाण (पाणकणीस) आणि लगूनकाठचे ओले गवतही त्यातच येते. म्हणून दुसरी अट रडारची: लाकडी झुडुपाचे व्हीएच मूल्य बाराही महिने चढे राहते, गवताचे हंगामानुसार पडते. तिसरी अट म्हणजे तो तुकडा वर्षातून कधीतरी पाण्यात उभा असला पाहिजे. याने वारुळावरची आणि कडेची खरी झाडी गळते. अर्ध्या हेक्टरपेक्षा लहान तुकडे या रीतीने हाती लागत नाहीत, ते पायी फिरूनच शोधावे लागतात.

४ मे – तोडणीच्या पथकासाठी टिपण

इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन, डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि झांबियाचा राष्ट्रीय उद्यान विभाग यांच्या सहकार्याने इथे आसपासच्या गावांतली माणसे मजुरीवर घेऊन तोडणी झाली आहे. नकाशासोबत द्यायच्या टिपणात क्रम स्पष्ट लिहिला पाहिजे.

पाणी उतरल्यावर आणि शेंगा पिकण्याआधी सुरुवात. फुलापासून पिकलेल्या बीपर्यंत सुमारे पाच आठवडेच मिळतात. शेंग एकेका बीच्या काटेरी तुकड्यांत मोडते. ते तुकडे तरंगतात आणि कपड्यांना, जनावरांच्या केसांना, गाडीच्या चिखलाला चिकटतात. म्हणून तुकडे प्रवाहाच्या वरच्या अंगाकडून घ्यायचे. खालून सुरू केले तर साफ केलेल्या जागेवर वरून पुन्हा बी येते.

बुंधा जमिनीपासून पंधरा सेंटीमीटरच्या आत आडवा कापायचा आणि पाण्याजवळ वापरायला मान्यता असलेले तणनाशक काप ताजा असतानाच लावायचे. आधी सगळी झुडुपे कापून संध्याकाळी औषध लावले तर काप सुकतो, औषध आत जात नाही आणि बुंधा पुन्हा फुटतो. एकाने कापायचे आणि त्याच्या मागे दुसऱ्याने लावायचे, जोडी सोडायची नाही. औषधात रंग मिसळला की राहिलेले बुंधे ओळखू येतात. जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लागतोच. रोपे ओल्या मातीतून मुळासकट उपटावीत. गाळ कडक झाल्यावर मूळ तुटून आत राहते.

नुसती आग लावू नये. बहुतेक झुडुपे बुंध्यातून परत येतात, आणि उष्णतेने बियांचे कठीण कवच फुटून जमिनीतला साठा एकदम रुजतो. कापलेला माल वाळवून ढिगांत जाळायला हरकत नाही, ढीग मात्र प्रत्येक वेळी त्याच जागी घालावेत.

वाळूमिश्रित जमिनीत बी वीस वर्षांहून अधिक जिवंत राहिल्याची नोंद आहे. एका हंगामाच्या तोडणीसाठी पैसे आणि पुढच्या फेऱ्यांसाठी काहीच नाही, अशी योजना मंजूर होऊ नये असे आमचे ठाम मत आहे. साफ केलेल्या प्रत्येक हेक्टरमागे निदान पुढच्या पाच हंगामांच्या रोप-उपटणीची मजुरी आधीच बाजूला काढलेली हवी.

१ जून – थर एकत्र

अंतिम नकाशात प्रत्येक महिन्याला चार वर्ग: कोरडे, शून्य ते अर्धा मीटर, अर्ध्या मीटरपेक्षा खोल, आणि मिमोसा. चराईपट्टा म्हणजे दुसरा वर्ग, अधिक कडेपासून कोरड्याकडची एक किलोमीटरची पट्टी. मिमोसा त्यातून वजा.

जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांसाठी वेगळा थर केला आहे, 'कड उलटी फिरली' या नावाने. लागोपाठच्या दोन फेऱ्यांत पाणी कोरड्याकडे सरकले असेल ते पिक्सेल त्यात येतात. या काळात इथे पाऊस नसतो, त्यामुळे असे पिक्सेल मोठ्या सलग पट्ट्यात दिसले तर कारण विसर्गातच शोधायचे. पाणी खाली पोहोचायला लागणारे दिवस वजा करून ती तारीख विसर्गाच्या नोंदीशी ताडायची: नामवालाजवळ थोडे दिवस, लोचिन्व्हारला कित्येक आठवडे.

१५ जून – सुपूर्द करताना

थर जिओटिफमध्ये (जागेचे निर्देशांक सोबत असलेली प्रतिमा-फाइल), तोडणीचे तुकडे वेगळ्या बहुभुज फाइलमध्ये. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, क्षेत्र, वरच्या अंगाच्या तुकड्याचा क्रमांक आणि शेवटच्या तोडणीची तारीख. मैदानावर मोबाइलचे नेटवर्क मिळत नाही, म्हणून फोनवर चालणारी ऑफलाइन प्रत आणि ए-३ कागदावर १:५०,००० चे छापील नकाशे. या नकाशांवर मापकांच्या जागा ठळक दाखवल्या आहेत, कारण गस्तीवरच्या माणसाने वाचलेली त्या दिवशीची पातळी पुढच्या हंगामाच्या खोलीच्या रेषांसाठी लागणार आहे. ऑगस्टची पहिली फेरी उपलब्ध होताच हवाई रेषांचा आराखडा पुन्हा आखायचा. तोडणीचे तुकडे ऑक्टोबरच्या प्रतिमांवर पुन्हा तपासायचे. जिथे व्हीएच परत चढलेले दिसेल तिथे फुटवे आले आहेत, ते पहिल्या पावसाआधी काढायचे.